सुई उडू नये म्हणून: दोन टर्नटेबल, मध्ये कंट्रोलर (प्रकल्प नोंदी)

७ जून २०२५, शनिवार

कोल्हापुरात शिवाजी पेठेत बहिणीच्या घरी, वरच्या माडीवर भाच्याचा डीजेचा सेटअप आहे. जुने टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ जातीचे दोन टर्नटेबल, मध्ये चार चॅनेलचा कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हाताळायचं बटणांचं आणि चाकांचं यंत्र) आणि लॅपटॉप. टर्नटेबलवर टाइमकोडच्या रेकॉर्ड फिरतात, म्हणजे गाण्याऐवजी नुसता खुणेचा सूर असलेल्या. त्यांचा सिग्नल कंट्रोलरच्या फोनो (सुईचा बारीक सिग्नल घेणाऱ्या) इनपुटमधून सॉफ्टवेअरला जातो आणि वाजतं ते लॅपटॉपमधलं गाणं. अधूनमधून खरी एलपीही लागते. हे सगळं प्लायवूडच्या एकाच टेबलावर, खाली बॉक्स पाइपचे बारीक पाय. कंट्रोलरच्या पॅडवर (ठोकायच्या बटणांवर) बोटं जोरात पडली की डावीकडची सुई उडते. माडीवरून कुणी लगबगीनं गेलं तरी उडते.

एक खाच चुकली तर किती बिघडतं? ३३⅓ आरपीएमला रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. सुई शेजारच्या खाचेत गेली की गाणं तेवढंच पुढं किंवा मागं जातं. १०० बीपीएमच्या (मिनिटाला १०० ठोक्यांच्या) गाण्यात हे तीन ठोके झाले. स्क्रॅचसाठी (रेकॉर्ड हातानं मागं-पुढं करून आवाज काढण्यासाठी) काढलेल्या काही रेकॉर्डवर मुद्दाम १३३⅓ बीपीएमचा ठेका असतो. त्यात एका फेऱ्यात बरोबर चार ठोके बसतात, म्हणजे सुई उडाली तरी ताल सुटत नाही. ही युक्ती मला फार आवडते, पण लोकांसमोर वाजवताना गाणं कुठल्या वेगाचं लागेल ते आपल्या हातात नसतं.

भाच्यानं हेडशेलवर (सुईच्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या टोकावर) रुपयाचं नाणं चिकटवलंय. सगळे हेच करतात. नाण्याचं वजन तीन ग्रॅमच्या वर, आणि सुईवरचा एकूण दाबच तीन-चार ग्रॅमचा अपेक्षित असतो. म्हणजे दाब जवळजवळ दुप्पट झाला. सुई घासते, रेकॉर्ड घासते, आणि धक्का होता तिथंच राहतो.

"मामा, नाणं काढलं तर लईच उडंल की."

"उडू दे. धक्का कुठनं येतोय ते बघू आधी."

८ जून

आज फक्त ऐकणं आणि मोजणं. पद्धत साधी आहे: टर्नटेबल बंद, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवायची, फोनोचा आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा आणि एकेका ठिकाणी ठोकून बघायचं. सुईला जे काही जाणवतं ते पडद्यावर रेघेत उमटतं. कानाला न कळणारी थरथरही दिसते.

पॅडवर बोट आपटलं की उंच शेंडा आणि मागं लांबत जाणारी शेपटी. टेबलाच्या मधोमध हात मारला तर त्याहून मोठा. दाराजवळ पाय आपटला तर शेंडा बुटका, पण शेपटी बराच वेळ हलत राहते. माडी जुन्या कडीपाटाची आहे, फळ्या मधोमध झोके खातात. स्पीकरमधून नुसता बेस सोडला तेव्हा रेघ सतत जाड होत गेली.

म्हणजे सुईपर्यंत यायला धक्क्याला वाटा आहेत त्या टेबलाची, जमिनीची, हवेची, आणि चौथी वाजवणाऱ्याच्या हाताची. प्रत्येक वाट वेगळी बंद करावी लागेल. टेबलाचा इलाज हवेला चालत नाही, आणि सगळ्यावर एकच इलाज म्हणून दाब वाढवणं मला मान्य नाही.

एक बारीक गोष्ट आजच सापडली. टर्नटेबलपासून कंट्रोलरपर्यंतच्या आरसीए (आवाजाच्या) वायरी ताणून बांधल्या होत्या. ताणलेली वायर म्हणजे धक्क्यासाठी पूलच. दोन्हीकडे सैल वेटोळं सोडलं, शेंडा थोडा खाली आला. अर्थची वायरही तशीच सैल केली.

११ जून

गुजरीत ओळखीच्या सराफाकडून छोटा काटा उसना आणला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. सुईचा दाब मोजायला विकतात ती साधनं म्हणजे असाच काटा असतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. सुई काट्यावर टेकते ती उंची रेकॉर्डच्या पातळीइतकीच हवी, नाहीतर आर्म तिरका होऊन आकडा चुकतो. आणि काट्याची ताटली लोखंडी नको. या कार्ट्रिजमध्ये (सुई बसवलेल्या डबीत) लोहचुंबक असतो, तो ताटली ओढून घेतो आणि दाब भलताच दिसतो. मी ताटलीवर जाड पुठ्ठ्याचा ठोकळा ठेवून काटा शून्यावर आणला आणि त्यावर सुई टेकवली.

नाण्यासकट डावी सुई सात ग्रॅमच्या घरात, उजवी सहाच्या पुढं. नाणी काढली. आर्म आधी हवेत समतोल केला, काउंटरवेटची (आर्मच्या मागच्या वजनाची) आकड्यांची रिंग शून्यावर आणली आणि तिथून दाब दिला. कार्ट्रिज ऑर्टोफॉनची कॉन्कॉर्ड, स्क्रॅचची जात. तिला कंपनी ४ ग्रॅम सांगते. दोन्ही ४ वर ठेवल्या. मिक्सच्या जातीला ३ पुरतात. शुअरच्या एम४४-७ ला तर ३ हीच वरची मर्यादा होती, आणि तरीही ती स्क्रॅच करणाऱ्यांची वर्षानुवर्षांची आवडती. शुअरनं २०१८ मध्ये ही कार्ट्रिजं बनवणंच थांबवलं.

अँटी-स्केट, म्हणजे आर्मला हलकं बाहेर ओढणारी सोय, शून्यावर. घरात शांतपणे एलपी ऐकणाऱ्याला ते लागतं, कारण फिरत्या रेकॉर्डवर आर्म आतल्या बाजूला ओढला जातो. हातानं रेकॉर्ड मागं-पुढं करताना मात्र ते कायम बाहेर खेचत राहतं आणि सुई निसटायला मदतच करतं.

हेडशेल दोन बोटांत धरून हलकेच हलवून बघितलं. डाव्या हेडशेलमागची कडी सैल होती, आवळली. बेअरिंगला खेळ नाही. सुईची टोकं सराफाच्या भिंगातून पाहिली. उजवी झिजलेली, नवीन मागवावी लागेल.

१५ जून

फोनवर फायफॉक्स टाकलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं बनवलेलं फुकट ॲप आहे, फोनमधल्या सेन्सरवरून थरथर किती हर्ट्झची (सेकंदाला किती वेळा) ते दाखवतं. फोन जमिनीवर ठेवून टाच आपटली: ११ हर्ट्झच्या आसपास टोक. टेबलावर ठेवला तर ते टोक तिथंच, शिवाय वर आणखी एक, ते टेबलाच्या पायांचं.

११ चा आकडा बघून बराचसा उलगडा झाला. टोनआर्मचं वजन आणि सुई धरणाऱ्या रबराची लवचीकता मिळून आर्मची स्वतःची एक वारंवारता ठरते. कार्ट्रिज-आर्मची जोडी जमवताना ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये यावी असं बघतात, कारण त्याच्या खाली वाकड्या रेकॉर्डची हालचाल असते आणि वर संगीत. आमची माडी नेमकी त्याच पट्ट्यात हलते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो, तेच इथं चाललंय. पावलाचा धक्का लहान, पण आर्म त्याला साथ देतो.

टर्नटेबलखाली भाच्यानं वॉशिंग मशीनखालचे रबरी ठोकळे घातले होते. ते वजनानं जेमतेम २ मिमी दबतात. यासाठी एक सोपा हिशोब आहे: स्प्रिंग किंवा रबर वजनाखाली किती सेंटिमीटर दबलं त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्यानं ५ ला भागायचं, आली वारंवारता हर्ट्झमध्ये. ०.२ सेंटिमीटरला ११ हर्ट्झ. म्हणजे जमीन, ठोकळे आणि आर्म तिघंही एकाच सुरात. ठोकळे काढल्यावर पावलांनी सुई उडणं कमी झालं. भाच्याला आश्चर्य वाटलं, पण मऊ काहीतरी खाली घातलं की धक्का कमीच होतो असं नसतं. ज्या वारंवारतेवर ते स्वतः डोलतं तिथं धक्का वाढतो. कमी होतो तो तिच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेल्यावर.

२१ जून

दोन दिवस पाऊस उघडला नाही. उद्यमनगरात वर्कशॉपवर बसून आराखडा पक्का केला.

मोठा निर्णय: कंट्रोलर आणि टर्नटेबल एका टेबलावर राहणार नाहीत. कंट्रोलर ही ठोकायची वस्तू आहे. पॅड आपटायचे, जॉग व्हील फिरवायचं, फेडर (सरकपट्टी) झटक्यानं मारायचा. टर्नटेबल ही न हलवायची वस्तू. दोघांना एकाच फळीवर बसवून मग मध्ये फोम घालत बसण्यापेक्षा फळ्याच वेगळ्या केलेल्या बऱ्या.

टर्नटेबल भिंतीवर जातील. झोके खाणाऱ्या माडीवर याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही, कारण पावलांच्या धक्क्यानं भिंत फळ्यांसारखी डोलत नाही. एमएस (लोखंडी) अँगलचे ब्रॅकेट, त्यावर कडाप्पा. कंट्रोलर मध्ये, जमिनीवरच्या वेगळ्या स्टँडवर, दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा ठेवून.

स्प्रिंग घालायच्या का यावर बराच विचार केला. वर्कशॉपच्या शेजारीच कॉम्प्रेशन स्प्रिंग करून मिळतात, २ सेंटिमीटर दबणाऱ्या घेतल्या तर ३.५ हर्ट्झपर्यंत खाली जाता येतं. नुसतं ऐकणाऱ्यासाठी उत्तम. पण हा पोरगा रेकॉर्डवर हात घालणार. स्प्रिंगवरचा टर्नटेबल प्रत्येक स्क्रॅचला होडीगत हलेल आणि त्या हलण्यानंच सुई सुटेल. ऐकणाऱ्यांसाठी लिहिलेले सल्ले वाजवणाऱ्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत ते इथं. वाजवणाऱ्याला वजन जास्त हवं आणि मऊपणा बेताचा, तोही लगेच शांत होणारा. म्हणून फोम.

कडाप्पा ६० बाय ४५ सेंटिमीटर, २० मिमी जाड, कडा घासून. एक लादी १४-१५ किलो. टर्नटेबल साडेबारा किलोचा. मिळून २७ किलोच्या आसपास.

२६ जून, शाहू जयंती

दसरा चौकात गर्दी, वर्कशॉप अर्धा दिवस. दुपारी फोमची चाचणी.

गादीच्या दुकानातून तीन जातींचे तुकडे आणले होते: साधा ४० डेन्सिटीचा, तुकडे दाबून केलेला रिबाँडेड, आणि काळी ईव्हीए शीट. कडाप्प्याची लादी, त्यावर टर्नटेबलच्या वजनाइतकं लोखंड, खाली चार कोपऱ्यांत चार ठोकळे. ईव्हीए जवळजवळ दबलंच नाही, बाद. साधा फोम इतका दबला की त्याचा पापड झाला. एकदा पूर्ण दबला की फोम फोम राहत नाही, दगडासारखाच वागतो. रिबाँडेडचे १० सेंटिमीटर चौरस, ५ सेंटिमीटर उंच ठोकळे केले तेव्हा ते ९ मिमी दबून थांबले.

हिशोबानं हे ५.३ हर्ट्झ. फोन ठेवून लादीला टिचकी मारली तर ६ च्या जरा वर दाखवलं. असं होणारच, झटक्याच्या धक्क्याला फोम शांत वजनापेक्षा कडक वागतो. चालेल. ११ हर्ट्झचा धक्का यातून निम्म्याहून कमी पोहोचेल आणि पॅडवरची टकटक, जी बरीच वर आहे, ती जवळजवळ नाहीच. टिचकीनंतर लादी दोन-तीन झोक्यांत थांबते, हे मला आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

फोम पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून ठोकळ्यांना रेक्झिन शिवून घेतलं. खालच्या बाजूला दोन भोकं ठेवली, नाहीतर आत कोंडलेली हवा फोमला दबू देत नाही.

६ जुलै, आषाढी

बहीण पहाटेच नंदवाळला विठ्ठलाच्या दर्शनाला गेली, घर मोकळं मिळालं. ब्रॅकेट बसवले.

वरच्या मजल्याची भिंत जाड आहे पण जुनी, आत माती. अशा भिंतीत अँकर बोल्ट धरत नाही, दोन महिन्यांत सैल होतो. त्यामुळं आरपार भोकं पाडली, पलीकडच्या खोलीत भिंतीला सपाट पट्टी आणि बोल्ट इकडून तिकडं. पलीकडची पट्टी कपाटामागं लपते, त्यामुळं तक्रार नाही. ब्रॅकेटवर मी स्वतः टेकून बघितलं, हलला नाही.

कंट्रोलरचा स्टँड ४० मिमी बॉक्स पाइपचा. पाइपात सुकी बारीक वाळू भरून तोंडं बंद केली. रिकाम्या पाइपावर टिचकी मारली तर तो वाजत राहतो, भरलेल्यावर नुसतं 'ठप'. चारही पाय कडीच्या बरोबर वर येतील असे ठेवले, दोन कड्यांमधल्या फळीवर नाहीत. कड्या कुठून गेल्यात ते खालच्या खोलीतून छताकडं बघून खुणा करून घेतलं.

टर्नटेबल डावीकडं पाव फेरा वळवून ठेवले, म्हणजे आर्म समोर भिंतीकडं गेला. स्पर्धेत स्क्रॅच करणारे असंच ठेवतात. हाताला पूर्ण रेकॉर्ड मोकळी मिळते आणि बाही आर्मला लागत नाही. कडाप्प्यावर ठेवल्यावर प्लॅटरवर (फिरणाऱ्या तबकडीवर) पाणसळ ठेवून चारही पायांचे स्क्रू फिरवून पातळी साधली. फोम कमी-जास्त दबतो, त्यामुळं ही पातळी महिन्यानं परत बघायची.

पहिली चाचणी. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई, भाच्यानं पॅडवर दोन्ही हातांनी ठोकलं. पडद्यावरची रेघ जवळजवळ सरळ. त्यानं खोलीत उड्या मारल्या. रेघ हलली, सुई जागेवर.

"नाद खुळा मामा!"

चार ग्रॅमवर, नाण्याशिवाय.

१३ जुलै

हवेची वाट. सबवूफर (बेसचा स्पीकर) कोपऱ्यात होता, कोपऱ्यात बेस फुगतो. तिथून काढून टर्नटेबलपासून लांबच्या भिंतीला, कोपरा सोडून ठेवला.

टाइमकोड आणि खरी एलपी यांचा फरक इथं स्पष्ट होतो. एलपीवर सुईला जे जाणवलं ते थेट स्पीकरला जातं, स्पीकर परत सुईला हलवतो, वर्तुळ पूर्ण होतं आणि आवाज वाढवला की घूं सुरू होतं. टाइमकोडमध्ये सुईचा आवाज स्पीकरला जातच नाही, सॉफ्टवेअर त्यातून फक्त वेग, दिशा आणि जागा वाचतं. सेराटो सॉफ्टवेअरच्या कंट्रोल (म्हणजे टाइमकोड) रेकॉर्डवर १ किलोहर्ट्झचा सूर असतो, तोच वाचायचा. त्यामुळं घूं होत नाही, पण बेसनं सुई थरथरली तर वेग वाचताना गडबड होते आणि लांब स्वर थरथरतात. सॉफ्टवेअर हा सूर पडद्यावर वर्तुळात दाखवतं, ते गोल आणि स्वच्छ दिसतंय का ते बघायचं. बेस चढवल्यावर कड केसाळ झाली तर समजावं.

एलपीची चाचणी आजोबांच्या संग्रहातल्या एका जयपूर घराण्याच्या रेकॉर्डवर केली. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गायक, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेली, आणि वाजवता यावी म्हणून पाठवणाऱ्यांनी सोबत कार्ट्रिज आणि सुईसुद्धा दिली. या घरात अशी रेकॉर्ड सात ग्रॅमच्या सुईखाली जात होती याचं मला मनापासून वाईट वाटतं. पूर्वी आवाज अर्ध्यावर नेला की घूं व्हायचं, आज पाऊण भागापर्यंत शांत. त्याच्या वर फोनोवर ३० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर लावला की पुरतं.

१९ जुलै

उरला हात. हे लोखंडानं सुटणारं काम नाही, पण काही गोष्टी मदत करतात.

स्लिपमॅट (रेकॉर्डखालची घसरती चकती) जाड लोकरीचा होता. तो पातळ घेतला, आणि खाली रेकॉर्डच्या आकाराचा मेणकागद कापून घातला. प्लॅटर आणि रेकॉर्ड यांच्यात घर्षण कमी म्हणजे रेकॉर्ड धरायला जोर कमी लागतो, आणि जोर कमी म्हणजे दाब कमी. डाव्या टाइमकोड रेकॉर्डचं मधलं भोक घासून मोठं झालं होतं, मागं-पुढं करताना रेकॉर्ड आडवी सरकायची. भोकाच्या आतल्या कडेला चिकटपट्टीचा बारीक तुकडा वळवून लावला. रेकॉर्ड पिनवर घट्ट बसली पण अडकली नाही, एवढंच हवं.

भाच्याला मी स्क्रॅच शिकवू शकत नाही, पण एक दिसतं ते सांगितलं: बोटं रेकॉर्डला खाली दाबतात, सरकवत नाहीत. तो म्हणाला, कंट्रोलरच्या जॉगची सवय आहे, तिथं दाबावं लागतं. अगदी खरं आहे. बऱ्याच जॉगचा वरचा भाग स्पर्शानं किंवा दाबानं चालतो, आणि तीच सवय रेकॉर्डवर येते.

सॉफ्टवेअरमध्ये ॲब्सोल्यूट मोड होता. त्यात सुई रेकॉर्डवर जिथं पडेल त्या जागेवर गाणं जातं, म्हणून एक खाच उडाली की १.८ सेकंदांचा खड्डा. रिलेटिव्ह मोडमध्ये फक्त वेग आणि दिशा बघितली जाते. सुई उडाली तरी क्षणभर खरखर होऊन गाणं पुढं चालतं. सुई उचलून गाण्यात पुढं टाकायची सोय मात्र जाते. त्यानं ठरवलंय: घरी सरावाला ॲब्सोल्यूट, कारण चूक ऐकू आली पाहिजे, आणि लोकांसमोर रिलेटिव्ह. मला हे पटलं.

२७ जुलै

एका हॉलमध्ये वाढदिवसाचा कार्यक्रम. तिथं भिंत नाही, लाकडी स्टेज आणि खाली पोकळ. नेण्यासाठी दोन उथळ पेट्या केल्यात: तळाला तेच रिबाँडेड ठोकळे, वर १२ मिमी प्लायवूड आणि त्याला खालून चिकटवलेली कडाप्प्याची अर्धी लादी. पूर्ण लादी जिन्यावरून न्यायला जड पडते. वजन कमी झालं म्हणून ठोकळेही ९ सेंटिमीटर चौरसाचे केले, म्हणजे दबणं तेवढंच राहतं. कंट्रोलर हॉलच्या टेबलावर, टर्नटेबल आम्ही नेलेल्या दोन वेगळ्या स्टँडवर.

साउंडवाल्यानं सब स्टेजवरच मांडले होते. त्याला विनंती करून ते खाली फरशीवर घेतले. सुरुवातीला कां-कूं केलं, मग बेस उलट जास्त मोकळा लागला म्हणून खूश. पोरं स्टेजजवळ नाचत होती, एक-दोनदा वर चढली. डावी सुई एकदा उडाली, नेमकं कुणीतरी स्टँडलाच धडकलं तेव्हा. रिलेटिव्हमुळं नाचणाऱ्यांना कळलं नाही.

पुढच्या वेळी स्टँडचे पाय रुंद करायचे, आणि समोर कमरेएवढी आडवी पट्टी लावायची, स्टँडला न टेकणारी.

३ ऑगस्ट

नवीन सुई आली, उजवीला बसवली, काट्यावर ४.०. डावी ३.९ झाली होती, सारखी केली. लादीची पातळी डाव्या बाजूला केसभर उतरली होती, स्क्रू अर्धा फेरा. काटा गुजरीत परत दिला.

दोन्ही स्टँडच्या आतल्या बाजूला पट्टीवर लिहून ठेवलंय: दाब ४, अँटी-स्केट ०, वायर सैल, सब खाली, रिलेटिव्ह. गणपतीच्या आधी पाय रुंद करून घ्यायचे आहेत, कारण पुढचा कार्यक्रम मंडळाच्या मांडवात आहे आणि तिथली स्टेज फळ्यांची असणार.